मेंढ्यांना कोट घालताय? मग टेप हाताशी ठेवा

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या न्यू इंग्लंडच्या पठारावर त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी छोटी जागा घेतली. जागेबरोबर १४ मेरिनो मेंढ्या आल्या, त्यातल्या चार तपकिरी. हाताने सूत कातणाऱ्यांना स्वच्छ लोकर विकायची म्हणून ऑगस्टअखेर कातरणी झाल्या झाल्या सगळ्यांना एकाच मापाचे नायलॉनचे कोट चढवले. आता एप्रिल आहे, इथला हिवाळा तोंडावर आलाय. तीन मेंढ्यांच्या मांड्यांना आतून कोटाचे मागच्या पायांचे पट्टे काचलेत, त्यांच्याच खांद्यावर लोकरीचा नमदा झालाय, म्हणजे लोकर दबून घट्ट गुंतलीय, आणि एक मेंढी सकाळी पुढचा पाय गळ्याच्या भोकातून बाहेर काढून तीन पायांवर उभी सापडली. ताई विचारतात की कोट लहान आहेत की मोठे? हिवाळ्यासाठी वॉटरप्रूफ घ्यावेत का? आणि आता एडका सोडायचा आहे, पुढे मेंढ्या व्यायच्या वेळी कोट ठेवायचे की काढायचे?

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी माण तालुक्यातला, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. इथे ऑस्ट्रेलियात आलो तेव्हा पहिली तीन वर्षं दुसऱ्यांच्या कातरणी शेडमध्ये लोकर उचलायचं आणि टेबलावर कडेची घाण तोडायचं काम केलं. आता स्वतःच्या साठेक मेंढ्या आहेत, त्यातल्या चाळीसच्या आसपास कोटात असतात. पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर वडिलांना दाखवल्या तर ते म्हणाले, "आपल्यात घोंगडी मेंढक्या पांघरतो, तुमच्यात मेंढी पांघरती व्हय!" तेवढं हसून झाल्यावर लगेच दुसरा प्रश्न आला, "आणि लोकर वाढल्यावर काय करता?" ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या त्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

कोट लहान आहेत की मोठे? दोन्ही. १४ मेंढ्यांना एकाच मापाचे घातलेत, तेव्हा थोराड मेंढीला तो काचणार आणि बारक्या मेंढीच्या अंगावर लोंबणार. पण फक्त माप चुकलं असतं तर सप्टेंबरातच कळलं असतं. सात-आठ महिन्यांनी त्रास सुरू झाला, कारण मेंढी तेवढीच आहे आणि लोकर वाढली आहे. मेरिनोची लोकर महिन्याला साधारण ६ ते ८ मिलिमीटर वाढते. ऑगस्टअखेरपासून आजपर्यंत धरा ५ सेंटिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ही वाढ अंगाभोवती चहूबाजूंनी होते, म्हणजे त्रिज्या ५ सेंटिमीटरने वाढली की शाळेतल्या सूत्राप्रमाणे घेर ३१ सेंटिमीटरने वाढतो. फूटभर! लोकर दबते, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढा फरक दिसत नाही. पण दबलेली, घासली जाणारी, घामट लोकर म्हणजेच नमदा. तुमच्या त्या तीन मेंढ्यांच्या खांद्यावर तेच झालंय.

म्हणून इथे कोट वापरणारे लोक एका मेंढीमागे वर्षाला दोन-तीन मापं धरून चालतात. प्रत्येकीसाठी तीन नवे कोट घ्यायचे असा त्याचा अर्थ नाही. माझ्याकडे मापं फिरती असतात. थोराड मेंढीचा कातरणीनंतरचा कोट चार महिन्यांनी उतरतो, धुऊन वाळतो, आणि मधल्या बांध्याच्या मेंढीला तिची लोकर वाढल्यावर होतो. घरात थोरल्याचे कपडे धाकट्याला जातात त्यातलाच प्रकार, फक्त इथे धाकटा वर्षभरात थोरल्याएवढा होतो.

माप कसं घ्यायचं ते नीट सांगतो, कारण बहुतेक जण पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत टेप लावतात आणि तिथेच फसतात. छातीच्या बरोबर मध्यापासून, म्हणजे पुढून पाहिल्यावर दोन पायांच्या मधोमध जे टोक दिसतं तिथून, टेप खांद्याच्या बाजूने आडवा नेत शेपटीच्या मुळापर्यंत न्यायचा. बहुतेक कोटांची मापं याच लांबीच्या इंचात असतात, पण विक्रेत्याची पद्धत एकदा विचारून घ्या. माझ्या मेंढ्या कातरल्यावर ३६ ते ४० इंचात बसतात. टेप लोकरीत दाबायचा नाही, वरून टेकवायचा. आणि आजच्या मापाचा कोट घ्यायचा नाही, पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज धरून दोनेक इंच जास्तीचा घ्यायचा. त्याहून मोठा मात्र नको. "वाढत्या अंगाचा" म्हणून ढगळ कपडे शिवायची आपली सवय मेंढीच्या बाबतीत महागात पडते. ढगळ कोटाचं गळ्याचं भोक पुढे लोंबतं, मेंढी उठताना पुढचा पाय त्यात घालते आणि मग तो पाय निघत नाही. तुमची मेंढी उभी सापडली हे नशीब. माझी एक अशीच अडकून उताणी पडली होती. लोकरीने जड झालेली मेंढी पाठीवर पडली की तिला आपली आपण उलटता येत नाही, पोटात वायू साठत जातो आणि काही तासांत खेळ संपतो. मी पोचलो तेव्हा पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. वाचली ती, पण त्या दिवसापासून सकाळचा चहा मेंढ्या मोजून झाल्यावर.

आता घालायची पद्धत. मोकळ्या रानात मेंढीमागे धावू नका. लहान कोंडीत घ्या, तिचं अंग कुंपणाला टेकवा आणि आपला गुडघा तिच्या बरगडीला हलकेच लावून उभे राहा. कोट गोळा करून धरायचा, लहान पोराला स्वेटर घालताना गळा दोन्ही हातांत धरतो तसा. आधी डोकं, मग कान मोकळे करायचे, मग कोट पाठीवरून मागे ओढत न्यायचा. ओढताना कापड लोकरीवर खसाखसा घासू नका, थोडं उचलून न्या. शेवटी मागचा एकेक पाय उचलून पट्ट्यातून काढायचा. पट्टा पिळला गेला तर तसाच सोडू नका. पिळलेला पट्टा दोरीसारखा काचतो, आणि मांडीच्या आतल्या बाजूला लोकर नसतेच. तुमच्या जखमा पाहून मला पिळलेल्या किंवा आखूड झालेल्या पट्ट्यांचाच संशय आहे.

घालून झालं की तपासणी, आणि यातली एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. आपण कोट घालतो तेव्हा मेंढीची मान वर असते. मेंढीचा दिवस मात्र मान खाली घालून जातो. मान खाली गेली की गळा पुढे ओढला जातो आणि मागचे पट्टे मांडीत रुततात. म्हणून मी प्रत्येकीपुढे मूठभर लसूणघास जमिनीवर टाकतो आणि ती खात असताना गळ्यात मूठ घालून बघतो. मूठ आरामात गेली पाहिजे; दोन मुठी गेल्या तर गळा मोठा. मागच्या पट्ट्याखाली सपाट पंजा सरकला पाहिजे. मागची कड शेपटीच्या मुळाशी संपली पाहिजे. तिथून खाली लोंबली तर मेंढी मुतते ते सगळं कापडात जिरतं, लेंड्या चिकटतात, आणि चार दिवसांत तुम्ही माश्यांना आमंत्रण दिलेलं असतं. खच्ची केलेल्या नरांचं उलट असतं. त्यांचं मूत पोटाखालून येतं, त्यामुळे पोटाला वेढणारा कोट त्यांना नको. हे सगळं झालं की कळपात सोडून दहा मिनिटं नुसतं बघत राहा. चालताना पाय आखडतोय का, बसून उठताना कोट एका बाजूला फिरतोय का, ते तेवढ्या वेळात कळतं.

माश्यांचा विषय निघालाच आहे तर इथे जरा थांबतो, कारण माझी सगळ्यात मोठी चूक याच ठिकाणची. पहिल्या वर्षी कोट वरून इतके छान पांढरे दिसायचे की मी आत बघणंच सोडलं. फेब्रुवारीत आठवडाभर पाऊस झाला. एक मेंढी कळपापासून जरा लांब उभी राहायची, मागचा पाय आपटायची, मान वळवून पाठीकडे बघायची. मला वाटलं कोट टोचत असेल. दुसऱ्या दिवशी जवळ गेलो तर कोटाच्या कडेला ओलसर काळपट डाग आणि तो वास. ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. कोट वर केला तर खांद्यामागे तळहाताएवढी जागा अळ्यांनी वळवळत होती. इथली मेंढीवरची निळी-हिरवी माशी, ल्युसिलिया क्युप्रिना, ओल्या कुबट लोकरीत अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या बाहेर पडतात. आपल्याकडे जखमेत किडे पडतात. इथे जखम नसतानाही पडतात, ओल पुरते. ती मेंढी गेली. कोट नसता तर डाग मला दोन दिवस आधी दिसला असता.

तेव्हापासूनचा माझा नियम असा. रोज प्रत्येक मेंढीवर लांबून का होईना नजर, आणि आठवड्यातून एकदा चार-पाच जणींच्या कोटाखाली खांद्यापासून कंबरेपर्यंत हात घालून बघायचं. हात सुका आणि किंचित तेलकट बाहेर आला तर ठीक. ओलसर आला किंवा वास आला तर कोट उतरवायचा. शेपटीभोवतीची लोकर मधूनमधून साफ कातरून ठेवायची, ते तर कोट नसतानाही करायचंच असतं.

यातूनच वॉटरप्रूफचं उत्तर मिळतं. घेऊ नका. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल हाताला न कळता शोषून घेते. ती ओल परत हवेत जायला वाट हवी. प्लास्टिकसारखं कापड वरून बंद करतं आणि आत अंगाची वाफ कोंडते. मग लोकरीच्या मुळाशी हिरवट-पिवळे पट्टे येतात. तो जिवाणूंचा खेळ असतो. त्या लोकरीचा पिवळेपणा कितीही धुतलात तरी जात नाही, आणि वर त्या वासावर माश्या येतात. विणलेलं, हवा खेळणारं, पाऊस आत येऊ देणारं पण लवकर सुकणारं नायलॉनच बरं. ओल्या मेंढीला सुका कोट घालायचा नाही आणि सुक्या मेंढीला ओला कोट घालायचा नाही, एवढं पाळा. कातरलेल्या मेंढीला थंडीपावसात जपायला प्लास्टिकचे तात्पुरते कोट मिळतात, कोकरांसाठीही मिळतात. ती वेगळी वस्तू, चार-आठ दिवसांची. तिला लोकर राखायच्या कोटाच्या जागी वर्षभर ठेवून चालत नाही.

उलट बाजूने बरेच जण विचारतात, उन्हाळ्यात उकडत नाही का? अंगावर इंच-दोन इंच लोकर असलेल्या जनावराला पातळ पांढऱ्या कापडाने फारसा फरक पडत नाही. मेंढी उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढते. सावली आणि पाणी हवंच, पण ते कोट नसतानाही हवं. आमचं पठार हजारेक मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आम्हाला हे सोपं जातं. खाली पश्चिमेच्या तापलेल्या सपाटीवर कुणी असेल तर त्याने माझं ऐकून निश्चिंत होऊ नये, आपल्या मेंढ्या दुपारी बघाव्यात.

एडका आणि व्यायचा प्रश्न. मेंढ्यांचे कोट शेपटीशी संपत असतील तर एडक्याला अडचण येत नाही, राहू द्या. एडक्याला मात्र घालू नका. दोन एडके एकत्र असतील तर दोन दिवसांत चिंध्या होतात, शिंगवाला असेल तर एका दिवसात. आज एडका सोडलात तर पाच महिन्यांनी, म्हणजे सप्टेंबरात मेंढ्या व्यायला लागतील. तुमची कातरणी ऑगस्टअखेर असते. म्हणजे गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यात कातरणी, आणि लगेच तुम्ही कोट चढवणार. मी इथे वेगळं करतो. मी कातरणी थोडी अलीकडे, व्यायच्या पाच-सहा आठवडे आधी घेतो आणि त्यानंतर कोकरं महिन्याची होईपर्यंत कोट घालतच नाही. नुकतं जन्मलेलं कोकरू उब आणि उघडी कातडी शोधत कासेपर्यंत पोचतं. मी कोटाच्या लोंबत्या कडेला चोखत बसलेलं कोकरू पाहिलंय, आणि आई इकडे सड द्यायला पाय फाकवून उभी. पहिलटकरीण असेल तर तिच्या आधीच गोंधळलेल्या डोक्यात आणखी भर कशाला? शिवाय आईला कोकराचा वास घेऊ द्या, कोकराला आईचा. मधे नायलॉन नको. व्याली तरी कोट ठेवणारे लोक आहेत आणि त्यांचंही निभतं. पण ते दिवसातून चार फेऱ्या मारणारे आहेत. तुम्ही दोघं नोकरी सांभाळून हे करताय असं लिहिलंय, म्हणून माझा सल्ला काढून ठेवण्याचा.

"मग तेवढ्या दिवसांत लोकर घाण होईल ना?" होईल थोडी, टोकाला. पण खरा शत्रू तेव्हा आलेला नसतो. इथलं गवत बी धरतं ते वसंत संपता संपता, नोव्हेंबर-डिसेंबरात. ऑक्टोबरअखेर कोट अंगावर आले की कुसळाच्या आधी पोचलात. कुसळावरून आठवलं, आमच्या माळावरची कुसळी आणि ऑस्ट्रेलियातलं काळं भालागवत ही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकच जात. लहानपणी पायजम्यात टोचायची ती इथेही ओळख ठेवून आहे. कातरल्याबरोबर कोट घालायचाच असेल तर निदान मशीनचे कापे सुकू द्या, आणि पाठीवर ओतायचं उवांचं औषध दिलं असेल तर ते अंगात मुरू द्या. कापडाने टिपून घेतलेलं औषध उवांच्या काय कामाचं? उघड्या मेंढ्यांना त्या दिवसांत थंडी बाधते, हे खरं. हवामान खात्याकडून मेंढपाळांसाठी थंडी-वारा-पावसाचा खास इशारा निघतो, तो आला की मी त्यांना झाडांच्या पट्ट्याआड किंवा शेडमध्ये घेतो आणि पोटभर वाळलं गवत घालतो. कोट वारा थोडा अडवतो, पण त्याच्या भरवशावर कातरलेली मेंढी उघड्या माळावर सोडणारा माणूस मी नाही.

वाळल्या गवताचं बोलतोय तर एक गोष्ट कोटाबाहेरची. कोट मान झाकत नाही. मानेतली लोकर सर्वांत आधी खराब होते आणि ती मेंढ्या नाही, आपण खराब करतो. उंच गव्हाणीतून मेंढ्या गवत ओढतात, ते शेजारणीच्या मानेवर पडतं, तिथून कोटाच्या गळ्यात शिरतं आणि वर्षभर आतच राहतं. आपण पेंढी खांद्यावर घेऊन कळपातून चालतो, तेव्हाही तेच. गव्हाण गुडघ्याच्या खाली आणा, गवत आधी टाका आणि मेंढ्या नंतर सोडा. माझ्या अनुभवात यानेच निम्मं काम होतं, आणि याला पैसे लागत नाहीत.

हा सगळा खटाटोप परवडतो का, हे गिऱ्हाईकावर आहे. लोकर गाठोड्यात भरून लिलावाला पाठवणार असाल, तर १४ मेंढ्यांसाठी कोट बदलत बसणं परवडणार नाही. सूत कातणारे मात्र अख्खी लोकर पसरून, हातात घेऊन, कचरा निवडून बघतात आणि स्वच्छ लोकरीला मनापासून जास्त मोजतात. तुमच्या चार तपकिरी मेंढ्यांना तर कोट हवाच, कारण उन्हाने लोकरीची टोकं विटून भुरी पडतात आणि रंगासाठी घेणारं गिऱ्हाईक तिथेच परत फिरतं. सगळ्या १४ झेपत नसतील तर त्या चार आणि पांढऱ्यांतल्या सर्वांत तलम लोकरीच्या चार-पाच, एवढ्याच ठेवा. मीही साठांतल्या वीस उघड्या ठेवल्यात त्या उगीच नाही. हे नव्या जमान्याचं खूळ आहे असं कुणी म्हटलं तर सांगा, रोमन काळात दक्षिण इटलीतल्या तारेन्तुमच्या तलम लोकरीच्या मेंढ्यांना कातड्याची पांघरुणं घालायचे.

आणि गावाकडून माझा चुलतभाऊ विचारतो तसं कुणी माणदेशातून विचारणार असेल तर, दख्खनी मेंढीला नको. तिची लोकर जाडीभरडी, वर्षातून दोनदा कातरायची, आणि आज विकून कातरणीची मजुरी निघाली तरी पुष्कळ. थंडीत वाड्यावर नाजूक कोकराला रात्रीपुरतं गोणपाटाचं झबलं घातलंत तर चांगलंच आहे. सकाळी उन्हात काढून झटकून वाळत घाला.

डागडुजीबद्दल इतकंच की कोट काटेरी तारेत फाटणार, हे धरूनच चाला. छोटी भोकं लगेच शिवायची, साध्या दोऱ्याने नाही, मासेमारीच्या तंगूसने. साधा दोरा लोकरीच्या तेलाने आणि घासण्याने महिनाभरात सुटतो. धुताना गरम पाणी नको, आणि मशीनमध्ये घरचे कपडे धुत असाल तर तिच्यात तर मुळीच नको. हा सल्ला माझा नसून माझ्या बायकोचा आहे. मागच्या पट्ट्यांचं इलॅस्टिक दरवर्षी ताणून बघा. एका विक्रेत्याकडून घेतलेले माझे बारा कोट कापडाने ठणठणीत होते, पण इलॅस्टिक पहिल्याच उन्हाळ्यात चिवट होऊन आखडलं, आणि त्याने केलेल्या जखमा अगदी तुमच्यासारख्याच होत्या. मी पट्टे कापून रुंद, मऊ पट्ट्या शिवल्या. तेच कोट अजून वापरात आहेत.

तर आता काय करायचं? या शनिवारी १४ जणी कोंडीत घ्या, प्रत्येकीचं माप वहीत लिहा, बारक्या मेंढ्यांना अंगावरचे कोट आता नीट बसतात का ते बघा, आणि थोराडांसाठी पुढच्या मापाचे चार-पाचच कोट मागवा. नमदा झालेली खांद्याची लोकर आता विंचरू नका, ओढून कातडी दुखेल. कातरणीच्या दिवशी ती वेगळी काढा आणि बाकीच्या लोकरीत मिसळू नका. पायाला जखमा असलेल्या त्या तिघींचे कोट मात्र आज संध्याकाळीच उतरवा, जखमा धुऊन माशी बसणार नाही असं मलम लावा, आणि कातडी पूर्ण भरेपर्यंत त्यांना उघड्याच राहू द्या. त्यांच्या लोकरीत यंदा थोडा कचरा जाईल. जाऊ दे.